शस्त्रक्रियेआधी कमावलेले बळ

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की शस्त्रक्रिया पुढच्याच आठवड्यात होईल, अशी आमच्या घरातल्या सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात निदान झाले भाद्रपदात आणि शस्त्रक्रिया झाली पौषात. मधल्या काळात मला केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे औषध) यांचे एकत्रित तीन डोस, दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे, देण्यात आले. गाठ आधी औषधांनी लहान करायची आणि मग ती काढायची ही पद्धत ‘चेकमेट ८१६’ या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून रूढ होत गेली आहे. माझ्या गाठीत ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल नसल्यामुळे ती मला लागू पडत होती. या साऱ्या काळात माझ्या अंगात स्नायू किती उरतात, यावर शस्त्रक्रियेनंतरचे माझे पहिले काही आठवडे बऱ्याच अंशी अवलंबून राहणार होते. ही गोष्ट कोणी समजावून सांगितली नसती, तर ती आम्हाला सुचणेही शक्य नव्हते. ती वेळेवर कळली म्हणून काही करता आले. त्या तयारीची हकिकत येथे लिहीत आहे, कारण आमच्यासारख्या घरांमध्ये या दिवसांत मायेपोटी बहुधा नेमके उलट केले जाते.

माझे वय सदुसष्ट. पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालो. तंबाखू किंवा विडी-सिगारेट कधीच नव्हती; मात्र तरुणपणी क्षयरोग होऊन गेला होता आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात त्याचे जुने व्रण होते. खोकला हटेना, जेवण जाईना आणि बासष्ट किलोवरून वजन सत्तावन्नवर आले, तेव्हा सर्वांच्या मनात आधी क्षयाचीच शंका आली. सीटी स्कॅन, सुईने काढलेला तुकडा आणि पेट स्कॅन अशा मार्गाने शेवटी निदान ठरले: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडातला ॲडिनोकार्सिनोमा हा कर्करोगाचा प्रकार, शस्त्रक्रिया करता येण्याजोग्या अवस्थेतला.

शस्त्रक्रिया करता येण्याजोगा आजार आणि शस्त्रक्रिया सोसू शकणारा रुग्ण या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे सर्जननी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. त्यांनी कागदावर आकडे मांडले, आणि आयुष्यभर आकड्यांत वावरलेल्या मला ते लगेच पटले. दोन्ही फुप्फुसांचे मिळून एकोणीस भाग धरतात. उजव्या वरच्या खंडात त्यातले तीन असतात. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे माझे प्रमाण अपेक्षित मूल्याच्या अडुसष्ट टक्के होते. तीन भाग काढल्यावर सोळा उरणार, म्हणजे अडुसष्ट गुणिले सोळा भागिले एकोणीस, सुमारे सत्तावन्न टक्के. हा आकडा साठच्या वर असता तर फारशी चिंता नव्हती. साठ आणि तीस यांच्या दरम्यान तो आला, की रुग्णाला प्रत्यक्ष चालवून किंवा जिना चढवून पाहतात.

जिन्याची ही चाचणी दिसायला अगदी साधी असते. न थांबता बावीस मीटर उंची चढून जाता आले तर रुग्ण शस्त्रक्रिया चांगली सोसेल असे मानतात. एका पायरीची उंची पंधरा-सोळा सेंटिमीटर धरली तर या सुमारे एकशे चाळीस पायऱ्या होतात. मी चौथ्या मजल्याच्या अलीकडे थांबलो. थांबण्याचे कारण मात्र मला अनपेक्षित होते: दम लागला होताच, पण त्याच्याही आधी मांड्या भरून आल्या आणि पाय उचलेनासे झाले. मग सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून, शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते हे मोजण्यात आले. किलोमागे मिनिटाला वीस मिलिलिटरच्या वर आकडा असला तर जोखीम कमी, दहाच्या खाली असला तर फार मोठी. माझा चौदाच्या जवळपास आला. सर्जन म्हणाले, “ऑपरेशन करता येईल, पण आत्ता आहात त्याच अवस्थेत मला तुम्ही नको आहात. तीन महिने हातात आहेत, ते वापरू या.” आणि त्यांनी मला फिजिओथेरपी विभागात पाठवले.

तेथे माझ्या स्नायूंचे मोजमाप झाले. आजवर सर्व डॉक्टरांनी माझे वजन पाहिले होते, स्नायू कोणी पाहिले नव्हते. डायनॅमोमीटर नावाच्या यंत्राची मूठ पूर्ण ताकदीने दाबायची. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांची पकड अठ्ठावीस किलोच्या आणि स्त्रियांची अठरा किलोच्या खाली असेल तर ती दुर्बल मानतात. माझी पंचवीस भरली. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे, त्याला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पायांत कमजोरी आहे असे समजतात. मला पंधरा लागले. पोटरीचा घेर पुरुषांत चौतीस सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा, माझा बत्तीस होता. तीस मीटरच्या बोळात सहा मिनिटे येरझारा घालून मी पावणेचारशे मीटरच्या आसपास अंतर तोडले. पेट स्कॅनच्या चित्रांचाही येथे उपयोग झाला. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर घेतलेल्या आडव्या छेदात पाठीचे आणि पोटाचे स्नायू स्वच्छ दिसतात आणि त्यांचे क्षेत्रफळ मोजता येते. गाठ शोधण्यासाठी काढलेल्या त्याच चित्रात माझे झिजलेले स्नायू आधीपासून दिसत होते. त्यासाठी वेगळा खर्च नाही, वेगळी तपासणी नाही. प्रत्येक रुग्णाच्या अहवालात ही एक ओळ का नसावी, असे मला आजही मनापासून वाटते.

वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद घटते, त्या अवस्थेला सार्कोपेनिया म्हणतात. कर्करोगात त्यावर आणखी एक भर पडते. गाठीमुळे शरीरात सतत दाह चालू राहतो, त्या दाहातून स्रवणारी रसायने भूक मारतात आणि स्नायूंतल्या प्रथिनांचे विघटन वाढवतात. या झिजेला कॅकेक्सिया असे नाव आहे. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले तर तज्ज्ञ ही शक्यता गृहीत धरतात, आणि माझे आठ टक्के घटले होते. उपाशी माणसाला जेवू घातले की तो भरून येतो. कॅकेक्सियात नुसत्या खाण्याने झीज पूर्णपणे भरून येत नाही. त्यामुळे अन्न, व्यायाम आणि गाठीवरचा उपचार या तिन्ही बाजूंनी एकाच वेळी काम करावे लागते.

पण हातापायांच्या मांसाचा आणि फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचा संबंध काय, असा प्रश्न माझ्या मुलीने विचारला, आणि तो योग्यच होता. फिजिओथेरपिस्ट ताईंनी दिलेले उत्तर मी पुढे कितीतरी नातेवाइकांना सांगितले आहे. फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नाही. त्याला फुगवणारे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) आणि बरगड्यांमधले स्नायू हे सांगाड्याच्या इतर स्नायूंप्रमाणेच झिजतात. छातीची शस्त्रक्रिया झाली की वेदनेमुळे श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि तेथे कफ साचतो. तो बाहेर काढायचा तर जोरदार खोकावे लागते, आणि खोकण्यासाठी खोल श्वास घेणारे श्वासपटल व जोराने आकुंचन पावणारे पोटाचे स्नायू लागतात. खोकला दुबळा असेल तर कफ आत राहतो, फुप्फुसाचा तो भाग मिटतो आणि न्यूमोनिया होतो. शिवाय जखम भरण्यासाठी आणि संसर्गाशी झगडण्यासाठी लागणारी ॲमिनो आम्ले शरीर संकटकाळात स्नायूंमधूनच काढून घेते. स्नायू हा आपल्या अंगातला प्रथिनांचा एकमेव मोठा साठा आहे, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी तो जेवढा असेल तेवढ्यावरच पुढचे दिवस निभवायचे असतात.

हे सारे ऐकून घरी आलो, तेव्हा घराचे रुग्णालय झालेले होते. माझा पलंग दिवाणखान्यात आणला होता, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला होता, दूध आणायला जाण्याचे माझे नेहमीचे काम शेजारच्या मुलाकडे गेले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण “आता फक्त आराम करा” असे सांगून जात होता. जेवणात पेज, मऊ भात, वरणाचे पाणी. पत्नीने हे सर्व किती काळजीने केले होते ते मला कळत होते, म्हणून पुढच्या भेटीला मी तिलाही बरोबर नेले. ताईंनी तिला समोर बसवून सांगितले, “काकू, काकांना जपायचं म्हणजे त्यांना चालतं-फिरतं ठेवायचं. धडधाकट ज्येष्ठ माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून एक अभ्यास झाला होता अमेरिकेत. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं किलोभर मांस गेलं. काकांचं वजन तर आधीच गेलंय.” पत्नी काही बोलली नाही, पण संध्याकाळी पलंग आतल्या खोलीत गेला आणि दूध आणायला मला पाठवले गेले.

व्यायामाची आखणी अगदी मोजूनमापून होती. चालण्यासाठी श्वासाच्या त्रासाचे शून्य ते दहा असे माप शिकवले: शून्य म्हणजे मुळीच दम नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचा. चालताना चार-पाचपर्यंत जायचे, म्हणजे वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतका दम लागू द्यायचा. दोन-तीन मिनिटे झपझप, मग तेवढाच वेळ सावकाश, पुन्हा झपझप. सुरुवातीला एकूण पंधरा मिनिटांत मी थकत असे; हळूहळू अर्ध्या तासावर गेलो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर खिशात असे, आणि प्राणवायूची पातळी नव्वदच्या खाली गेली तर थांबून बसायचे, हा नियम मी कधी मोडला नाही. दिवाळीच्या आसपास हवेत धूर आणि फटाक्यांचा वास भरून राहिला, तेव्हा बाहेर जाणे बंद करून इमारतीच्या आतल्या बोळातच येरझारा घातल्या.

नुसत्या चालण्याने स्नायू वाढत नाहीत, त्याला वजनाचा विरोध लागतो; आपल्याकडे ज्येष्ठांच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, असे माझे मत झाले आहे. दररोज सकाळी फिरायला जाणारा माणूस तंदुरुस्तच असतो, असे आपण धरून चालतो. मीही कित्येक वर्षे तळजाईच्या टेकडीवर नियमाने जात होतो, तरीही माझ्या मांड्या जिन्यावर टिकल्या नव्हत्या. म्हणून एक दिवसाआड ताकदीचे व्यायाम ठेवले: हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे, कठड्याला धरून टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकवून जोर काढणे, रबराचा पट्टा पायात आणि हातात अडकवून ताणणे. दहा वेळा सहज जमू लागले की पट्टा बदलायचा. पिवळ्या पट्ट्यावरून मी लाल आणि पुढे हिरव्या पट्ट्यापर्यंत पोहोचलो. खुर्चीतून सावकाश बसणे हा सर्वांत साधा दिसणारा व्यायाम सर्वांत अवघड होता, आणि त्याचा सर्वांत अधिक उपयोग झाला. शस्त्रक्रियेनंतर पलंगावरून उठताना छातीच्या जखमेमुळे हातांवर भार देता येत नाही, सगळे काम मांड्यांनाच करावे लागते.

श्वासाचे व्यायाम वेगळे होते. तीन चेंडूंचे स्पायरोमीटर बहुतेकांना ठाऊक असते. त्यात फुंकायचे नसते तर हळू आणि खोल ओढायचे असते, आणि चेंडू वर टिकवून धरायचे असतात. याशिवाय श्वास घेताना विरोध निर्माण करणारे एक छोटे उपकरण दिले होते, ज्याचा स्प्रिंगचा ताण आठवड्या-आठवड्याने वाढवायचा. त्याने श्वासपटलाला व्यायाम होतो. छातीवर उशी घट्ट धरून खोकायचे कसे आणि तोंड उघडे ठेवून ‘हा’ असा जोराचा उच्छ्वास सोडून कफ वर कसा आणायचा, हेही आधीच गिरवून घेतले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, वेदनेत आणि गुंगीत, या गोष्टी पहिल्यांदा शिकायच्या झाल्या असत्या तर त्या जमल्या नसत्या.

केमोथेरपीच्या आठवड्यांत हे वेळापत्रक जसेच्या तसे चालत नसे. डोस घेतल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि विलक्षण थकवा असे. त्या दिवसांत घरातल्या घरात दर तासाला उठून चार फेऱ्या मारणे आणि खुर्चीचा व्यायाम, एवढेच ठेवले होते. उलटीसाठी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइडे मांड्यांच्या स्नायूंना आणखी दुबळे करू शकतात, म्हणून पायांचा व्यायाम शक्य तितका सोडायचा नाही असे ठरले होते. पांढऱ्या पेशी उतरल्या की गर्दीत जाणे बंद; ताप शंभर पूर्णांक चार अंशांवर गेला तर व्यायाम नाही, थेट रुग्णालय. एकदा तसे झालेही, आणि तो जवळजवळ सगळा आठवडा वाया गेला. हिमोग्लोबिनही उतरले होते. कमावलेली ताकद अशा आठवड्यात किती झपाट्याने उतरते ते मी पाहिले. ती परत मिळवायला मात्र जवळपास दुप्पट काळ लागला.

आहाराविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण येथेच आमची सर्वांत मोठी गैरसमजूत दूर झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला किलोमागे शून्य पूर्णांक त्र्याऐंशी ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. कर्करोगाच्या रुग्णांसाठी ईस्पेन या युरोपीय संघटनेच्या सूचना किलोमागे एक ग्रॅमहून अधिक आणि जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. माझ्या मूत्रपिंडांची तपासणी करून आहारतज्ज्ञांनी मला रोज सत्तर ते पंच्याऐंशी ग्रॅमचे लक्ष्य दिले. त्या दिवशी मी काय खाल्ले त्याची त्यांनी बेरीज केली तेव्हा ती तिसाच्याही आत आली. वाटीभर शिजलेल्या वरणात सहा-सात ग्रॅमच प्रथिने असतात, आणि वरणाच्या पाण्यात तर फारच थोडी. पेजेत आणि मऊ भातात पोट भरते, स्नायू भरत नाहीत.

आमचे घर अंडी खाणारे, मांस-मासे न खाणारे. त्यातून जे बसले ते असे: सकाळी दोन उकडलेली अंडी आणि कपभर दूध, दुपारी भाकरीबरोबर नीट शिजवलेली मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ आणि वाटीभर दही, चार वाजता शेंगदाण्याची चटणी पसरलेली पोळी किंवा पनीरचे तुकडे, रात्री पिठले, मुगाचे धिरडे किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी, आणि झोपण्यापूर्वी दुधातून प्रथिनांची पावडर. शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा ग्रॅम प्रथिने मिळतात, एका अंड्यात सहा. वय वाढले की स्नायू थोड्या प्रथिनांना दाद देत नाहीत, म्हणून एकाच जेवणात सगळे खाण्याऐवजी प्रत्येक जेवणात पंचवीस-तीस ग्रॅम मिळावेत असे पाहायचे होते. भूक नसताना हे सर्व खाणे अतिशय कठीण गेले. तोंडाची चव गेलेली, त्यात उसळीचा वास सहन होत नसे. अशा वेळी गार पदार्थ बरे पडत, म्हणून पत्नी घट्ट दह्यात भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि जिरे घालून देई; ते मात्र प्रत्येक डोसनंतर माझ्या घशाखाली उतरले.

नवरात्रात पहिला डोस झाला होता. आमच्याकडे नऊ दिवसांचे उपवास असतात आणि मी ते कधी चुकवले नव्हते. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, हे आहारतज्ज्ञांनी सांगितल्यावर माझ्या मनात द्वंद्व उभे राहिले. ते आमच्या वहिनींनी सोडवले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, देवीला तुमचं अंग वाळवून काय मिळणार? यंदाचे तुमचे उपवास मी धरते.” आणि त्यांनी ते खरोखरच माझ्या नावाने धरले.

फिजिओथेरपी विभागात माझ्याबरोबर सोलापूरकडच्या एक बाई येत. त्यांचे वजन भरपूर होते, त्यामुळे त्यांची ताकद मोजण्याची गरज काय, असे त्यांच्या मुलाला वाटत असे. त्यांची मुठीची पकड माझ्यासारखीच निकषाच्या खाली निघाली. अंगावर चरबी असली तरी आतले स्नायू झिजलेले असू शकतात, आणि आपल्या लोकांत हे विशेष घडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले एक चित्र मला तेव्हा दाखवण्यात आले. त्यात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी शेजारी आहेत. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, बावीस पूर्णांक तीन. मात्र शरीरातली चरबी युडकिन यांच्या अंगात नऊ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात एकवीस टक्के. हे चित्र पाहिल्यावर सोलापूरच्या बाईंचा मुलगा आईला घेऊन वेळेवर येऊ लागला.

दुसरे मत घेण्यासाठी मधल्या काळात परळला टाटा स्मारक रुग्णालयात जाऊन आलो. तेथील डॉक्टरांनी उपचारांची आखणी योग्य असल्याचे सांगितले आणि मन निश्चिंत झाले. पण येताना मी फार अस्वस्थ होतो. राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे तेथे आसपासच्या पदपथांवर मुक्काम करून होती. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा मिळतो, पण सर्वांना कोठून मिळणार? तारखेची वाट पाहणाऱ्या, दिवसभर बसून राहणाऱ्या, चहा-बिस्किटांवर आणि वडापाववर दिवस काढणाऱ्या माणसाचे स्नायू रोज झिजत असतात. मी जे व्यायाम करत होतो त्यांना एक खुर्ची, एक जिना आणि शे-दोनशे रुपयांचा पट्टा एवढेच लागते. ज्यांना डोक्यावर छप्पर नाही त्यांना उसळ कोण शिजवून देणार, हा प्रश्न मात्र व्यायामाच्या तक्त्याने सुटणारा नाही. अशा रुग्णांना रोज दोन अंडी, शेंगदाणे आणि दूध पोहोचवणारी माणसे मोठे वैद्यकीय काम करत असतात, अशी माझी खात्री आहे, आणि बरे झाल्यापासून आम्ही त्या कामात आपला वाटा देत आहोत.

मार्गशीर्षाच्या अखेरीस पुन्हा मोजमाप झाले. वजन साठ किलोपर्यंत आले होते. मुठीची पकड एकोणतीस. खुर्चीच्या चाचणीला अकरा सेकंद. सहा मिनिटांत आधीपेक्षा साठ-सत्तर मीटर अधिक चाललो; फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत बावीस ते बेचाळीस मीटरांची वाढसुद्धा अर्थपूर्ण समजली जाते, असे ताईंनी सांगितले तेव्हा त्यांचाच चेहरा माझ्यापेक्षा उजळला होता. सायकलवरच्या चाचणीतला प्राणवायूचा आकडा सोळावर गेला. केमोथेरपीमुळे रक्तात वायू मिसळण्याची फुप्फुसाची क्षमता थोडी उतरली होती, आणि व्यायामाने ती वाढत नाही. जे वाढले ते बाकीच्या शरीराचे बळ. जिन्याची चाचणी पुन्हा घेतली, आणि या वेळी बावीस मीटर पूर्ण झाले.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. वरचा खंड आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खुर्चीत बसवले आणि दुपारी छातीतल्या नळीची बाटली हातात धरून चालवले. मांड्यांनी मला उचलले, हातांचा आधार घ्यावा लागला नाही. उशी छातीशी धरून खोकलो, कफ आला. वेदना तीव्र होती, पण काय करायचे ते शरीराला माहीत होते. न्यूमोनिया झाला नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये दहा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात शस्त्रक्रियेपूर्वी व्यायाम केलेल्या रुग्णांत फुप्फुसाच्या अशा गुंतागुंती साधारण निम्म्यावर आलेल्या आढळल्या. माझ्या एकट्याच्या अनुभवाला त्यामुळे थोडा आधार मिळतो, म्हणून त्याचा उल्लेख करतो.

सर्वच काही सुरळीत झाले असे मात्र नाही. क्षयाच्या जुन्या व्रणांमुळे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले होते, ते सोडवताना पडलेल्या बारीक छिद्रांतून हवा गळत राहिली आणि नळी अपेक्षेपेक्षा बरेच दिवस ठेवावी लागली. व्यायामाने किंवा आहाराने हे टळणारे नव्हते, असे सर्जननी सांगितले. ज्या रुग्णांना पूर्वतयारी करूनही त्रास होतो त्यांनी स्वतःला दोष देऊ नये, यासाठी हे लिहिणे मला आवश्यक वाटते. नळी असतानाही बाटली घेऊन वॉर्डात चालणे चालू ठेवले, त्यामुळे त्या दिवसांत पायांची ताकद फारशी गेली नाही.

घरी आल्यावर वजन पुन्हा दोन किलोंनी उतरले आणि उजवा खांदा आखडला. हात वर नेऊन सदरा घालणे जमत नव्हते, म्हणून भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम सुरू केला, आणि खांदा महिनाभराने मोकळा झाला. पुन्हा पिवळ्या पट्ट्यापासून सुरुवात करून आता लालवर आलो आहे. इम्युनोथेरपीचे पुढचे डोस चालू आहेत, तोवर उसळ, अंडी आणि दह्याचा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर तसाच आहे. पुढच्या तपासणीत स्कॅनबरोबर मुठीची पकड आणि खुर्चीची चाचणीही नोंदवून द्यावी, अशी विनंती मी डॉक्टरांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.